ड्यूटीचा ताण आणि मेंदूची खा-खा

(झाशी येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळी वेतन आयोगावर बोलणे झाले, त्यानंतर पेन्शनवर झाले. कार्यक्रमपत्रिकेत तिसरा विषय 'ताण आणि खाणे' असा छापलेला पाहून काही साथींनी दारातच आमची थट्टा केली. जेवणाच्या सुट्टीआधी जेवणावर भाषण कशाला, आधी पंगत बसवा, असे ते म्हणाले. थट्टा आम्हाला मान्य आहे. पण भाषण संपेल तेव्हा हा विषय आपल्या ड्यूटीच्या तासांच्या मागणीशी किती जवळून बांधलेला आहे हे आपल्याला पटेल, अशी आमची खात्री आहे.

प्रथमच सांगतो की आम्ही डॉक्टर नाही, शाखेचे कार्यकर्ते आहोत. गेल्या काही महिन्यांत लॉबीत, रनिंग रूममध्ये, आरएमएसच्या सॉर्टिंगच्या टेबलांपाशी आणि कॉलनीतल्या ओट्यांवर साथींशी बोलताना एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आमच्या कानावर आली. कोणी म्हणाले, ड्यूटीवरून आलो की खा-खा सुटते. कोणी म्हणाले, पोट भरते पण वखवख जात नाही. कोणी काहीच बोलले नाही, त्यांच्या घरच्या माणसांनी सांगितले. तेव्हा आम्ही डॉक्टरांना विचारले, जे वाचायला मिळाले ते वाचले, आणि जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

झाशीत हा विषय काढण्याला एक कारण आहे. या शहरात मराठी माणूस पहिल्यांदा आला तो मराठ्यांच्या कारभाराबरोबर. दुसऱ्यांदा आला तो रेल्वेबरोबर. १९५१ पासून २००३ च्या मार्चअखेरपर्यंत झाशी मध्य रेल्वेत होती, मुख्यालय मुंबईला होते, आणि त्यामुळे भुसावळ, नागपूर, सोलापूरकडची माणसे बदलीवर इकडे येत राहिली. १ एप्रिल २००३ पासून हा विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला. कित्येकांची घरे इथे झाली, कित्येकांची तिकडेच राहिली. म्हणजे आपल्यात असे अनेक साथी आहेत, की जे रात्री-अपरात्री ड्यूटी संपवून एका खोलीच्या कुलपात किल्ली फिरवतात आणि आत बोलायला कोणी नसते. आजचा विषय त्या कुलपापासून सुरू होतो.

एका साथीची हकीकत

एक साथी आहेत. त्यांचे नाव, गाव, विभाग काहीच सांगणार नाही. मालगाडीचे गार्ड, म्हणजे २०२२ पासूनच्या भाषेत ट्रेन मॅनेजर. मुलांच्या शाळेसाठी कुटुंब गावाकडे. एकदा गाडी वाटेत तासन् तास उभी राहिली, रिलीफ मिळाला नाही, डबा दुपारीच संपला होता. परत आल्यावर एका किरकोळ नोंदीवरून चार माणसांसमोर बोलणी खावी लागली आणि मेमो हातात पडला. खोलीवर पोहोचले तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. त्यांनी दिवाही लावला नाही. उभ्या उभ्याच डब्यातल्या पोळ्या संपवल्या, मग फरसाणाची पिशवी, मग कोणी आग्र्याहून आणलेला पेठ्याचा डबा, मग कच्चे शेंगदाणे आणि गूळ. आम्हाला ते म्हणाले, "भूक केव्हाच भागली होती हो. पण हात थांबत नव्हता. तेवढा वेळ साहेब काय म्हणाले ते आठवत नव्हते, एवढेच."

दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःची किळस आली. शिक्षा म्हणून ते दिवसभर उपाशी राहिले. रात्री पुन्हा तेच झाले. पुढे आठवड्यातून दोन-तीन वेळा होऊ लागले. वजन वाढले, रक्तातली साखर वाढली. नियतकालिक वैद्यकीय तपासणी जवळ आली तशी धास्ती वाढली, की आता मेडिकल कॅटेगरी जाणार. डॉक्टरांना सांगायची लाज, म्हणून सांगितले नाही. घरी सांगायची लाज, म्हणून तिथेही सांगितले नाही. धास्ती वाढली तसे खाणे आणखी वाढले.

या साथींना त्यांचे मित्र हावरट म्हणत. आम्हीही एकदा हसलो होतो. आज त्याची लाज वाटते, आणि म्हणूनच हे भाषण आहे.

भूक कोणती आणि आजार कोणता

इथे एक गैरसमज दूर करू. भर उन्हात रुळावर काम करणारा गँगमन सात-आठ भाकऱ्या खातो, तो आजार नाही, ती मेहनतीची भूक आहे. लग्नात चार जिलब्या जास्त झाल्या, दिवाळीत फराळ जास्त झाला, तोही आजार नाही.

आजार वेगळा ओळखू येतो. थोड्या वेळात माणूस इतरांच्या मानाने फारच जास्त खातो आणि त्या वेळी थांबणे आपल्या हातात नाही असे त्याला वाटते, या दोन गोष्टी मुख्य. त्यासोबत नेहमीपेक्षा घाईने खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, भूक नसताना खाणे, लाजेने एकट्याने खाणे, आणि नंतर स्वतःची घृणा वाटून उदास होणे, यांपैकी तीन तरी लक्षणे असतात. हे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चालले आणि त्याने माणूस त्रासला, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. अमेरिकेतील डॉक्टर अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ सालीच अशा खाण्याचे वर्णन केले होते. पण तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत स्वतंत्र आजार म्हणून तो २०१३ साली आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीतही तो आहे. बायकांना होतो तसा पुरुषांनाही होतो. आणि प्रत्येक रोगी जाड असतोच असे नाही.

यादीत नाव आले याचे महत्त्व आपण कामगारांनी ओळखले पाहिजे. ज्याला नाव नसते त्याला नियम नसतो, रजा नसते, औषध नसते. तोपर्यंत तो माणसाचा अवगुण मानला जातो.

मेंदूत काय घडते

आता मेंदूकडे वळू. साहेबाने सर्वांसमोर अपमान केला, किंवा रात्री सिग्नल पाहताना पापणी जड झाली आणि दचकून जाग आली, की मेंदूच्या आतल्या भागातला बदामाएवढा एक गोळा धोक्याची घंटा वाजवतो. त्याला अमिग्डला म्हणतात. घंटा वाजली की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस निरोप पाठवतो. तो पिट्युटरी ग्रंथीमार्फत मूत्रपिंडाच्या टोकावरील ग्रंथींपर्यंत जातो आणि तिथून कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात उतरतो. एका स्टेशनाने पुढच्या स्टेशनाला लाइन क्लिअर द्यावी तसे हे काम चालते. ताणाची ही शारीरिक बाजू हान्स सेली या शास्त्रज्ञांनी १९३६ साली जगापुढे मांडली.

धोका क्षणाचा असेल तर भूक मरते. समोरून बैल रुळावर आला तर कोणाला डबा आठवत नाही. पण ताण रोजचा झाला, कॉर्टिसॉल दिवसेंदिवस चढा राहिला, तर उलट होते. शरीराला वाटते की मोठे संकट चालू आहे, साठा करून ठेवला पाहिजे. मग मागणी होते ती गोड आणि तेलकट पदार्थांची, कारण त्यात थोडक्यात जास्त बळ असते. म्हणून मेमो मिळाल्यावर कोणाला काकडी खावीशी वाटत नाही, समोसा आणि गुलाबजाम आठवतो. २००३ साली मेरी डॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील अभ्यासातून दाखवले, की असे खाणे ताणाची यंत्रणा काही काळ खरोखरच शांत करते. म्हणजे आपला साथी खोटे बोलत नव्हता. तेवढ्या वेळापुरते त्याला बरे वाटत होते.

दुसरी यंत्रणा सवयीची. गोड-तेलकट खाल्ले की मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य सुटते, आणि ते मेंदूला शिकवते की हे पुन्हा कर. काही दिवसांनी तर खाण्याआधीच, नुसत्या खुणेने ते सुटू लागते. स्टेशनबाहेरच्या कढईचा वास, खोलीच्या कुलपाचा आवाज, रात्रीची विशिष्ट वेळ, या खुणा पुरतात. खाताना चव फारशी लागत नाही, पण ओढ मात्र तीव्र असते. दारू आणि तंबाखूची ओढही याच वाटेने जाते, हे आपल्यातील अनेकांना समजावून सांगायला नको.

तिसरी यंत्रणा ब्रेकची. कपाळामागचा मेंदूचा भाग विचार करतो, परिणाम जोखतो आणि पुरे म्हणतो. तीव्र ताणात आणि जागरणात नेमका हाच भाग ढिला पडतो. म्हणजे इंजिन जोरात आहे, उतार आहे, आणि ब्रेक मात्र धरत नाही. अशा गाडीच्या ड्रायव्हरला तुझी इच्छाशक्ती कमी पडली असे कोणी म्हणत नाही. माणसाला मात्र म्हणतात.

२०१९ साली ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही उंदरांना भरपूर चरबीचे खाणे दिले. काहींना तेच खाणे दिले आणि ताणातही ठेवले. ताणातील उंदरांचे वजन अधिक वाढले. त्यांच्या अमिग्डलामध्ये एनपीवाय नावाचे, भूक वाढवणारे द्रव्य जास्त तयार होत होते. ते बनणे रोखले तेव्हा वजनाची वाढ कमी झाली. खाणे तेच, पण ताणाने त्याचा परिणाम बदलला. हे उंदरांचे झाले, माणसाला जसेच्या तसे लावता येणार नाही. पण विचार करायला लावणारे आहे.

माणसांवरचा एक प्रयोग अमेरिकेत झाला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. बुलिमिया म्हणजे बेभान खाऊन नंतर ते बाहेर काढण्याचा आजार. हा आजार असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांना सुटू न शकणारे गणित घालून ताण दिला, आणि मग यंत्रात झोपवून आइस्क्रीम, पिझ्झा अशा पदार्थांची चित्रे दाखवली. मेंदूच्या मागच्या बाजूला प्रिक्युनियस नावाचा भाग आहे, तो स्वतःविषयी विचार करताना चालू असतो. आजार असलेल्या स्त्रियांमध्ये चित्रे पाहताना त्या भागाचा रक्तपुरवठा कमी झाला, आजार नसलेल्यांमध्ये वाढला. संशोधकांनी याचा अर्थ असा लावला, की अन्नाकडे लक्ष गेले की स्वतःला बोल लावणारे विचार काही काळ बंद पडतात. प्रयोगातील स्त्रिया थोड्या होत्या, त्यामुळे ही बाब कायमची सिद्ध झाली असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्या साथीचे वाक्य आठवा. "तेवढा वेळ साहेब काय म्हणाले ते आठवत नव्हते." रनिंग रूममधला माणूस आणि प्रयोगशाळेतले यंत्र एकच गोष्ट सांगत आहेत.

मग खाल्ल्याने दुःख हलके होते का? २०११ साली अशा छत्तीस अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. त्यांत लोकांनी दिवसभरात वेळोवेळी आपले मन कसे आहे ते नोंदवले होते. असे खाण्याच्या आधी मन नेहमीपेक्षा खिन्न असल्याचे दिसले. आणि खाल्ल्यानंतर ते सुधारण्याऐवजी अधिकच खिन्न झाल्याचे दिसले. म्हणजे विसर पडतो तो खातानाच्या वेळेपुरता. नंतर जुने दुःख परत येते आणि सोबत लाजेचे नवे ओझे आणते. सावकाराच्या कर्जासारखे हे आहे.

उपास आणि जागरण

दोन गोष्टी या आगीत तेल ओततात, आणि दोन्ही आपल्या नोकरीत भरपूर आहेत.

पहिली उपासमार. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धात उपाशी राहिलेल्या जनतेला पुन्हा खाऊ कसे घालावे हे शोधण्यासाठी तो प्रयोग होता. ते तरुण दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, चिडचिडे झाले, खिन्न झाले. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावरही त्यांतील काहींना किती खाल्ले तरी तृप्ती होईना. म्हणून रात्री जास्त खाल्ले याची शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहणे हे औषध नाही. पुढच्या रात्रीच्या खाण्याची ती तयारी ठरते. आणि ज्याला गाडी उभी राहिल्यामुळे बारा तास डबा मिळत नाही, त्याला हा उपास कोणी न विचारता घडवते.

दुसरी गोष्ट जागरण. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २००४ साली बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिले, आणि दुसऱ्या वेळी दहा तास. कमी झोपेनंतर पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, भूक लागल्याचा निरोप देणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. फक्त दोन रात्रींत! आपला लोको पायलट, पॉइंट्समन, स्टेशन मास्तर, रात्रपाळीचा सॉर्टर वर्षानुवर्षे अशा रात्री काढतो. त्याच्या शरीरातले भुकेचे निरोपच चुकीचे येतात. केबिनला चुकीचा निरोप आला तर दोष निरोपाचा की केबिनमध्ये बसलेल्याचा?

काउंटरवरच्या भगिनी

इथे बसलेल्या भगिनींना वाटेल की हे सर्व गाडीवरच्या पुरुषांचे आहे. तसे नाही. पोस्टाच्या काउंटरवर काम करणाऱ्या एका भगिनीने आम्हाला आपला दिवस सांगितला. सकाळी सर्वांचे डबे करून निघायचे, स्वतः चहावर. काउंटरवर रांग, संगणक मध्येच थांबतो, रांगेतली माणसे तिलाच बोलतात. खाती उघडण्याचे आणि विम्याचे टार्गेट डोक्यावर. २०२५ साली नवी संगणक प्रणाली आली, १ सप्टेंबरपासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, लोकांना समजावण्याचे कामही तिचेच. संध्याकाळी घरी पुन्हा स्वयंपाक. सर्वांची जेवणे झाल्यावर ती एकटी स्वयंपाकघरात राहते आणि पातेल्यात उरलेले सगळे संपवते. भात, भाजी, मुलांनी टाकलेल्या पोळ्या, मग साखरेचा डबा. ती म्हणाली, "लोकांना वाटते मी अन्न वाया जाऊ देत नाही. मला एकटीला ठाऊक आहे की मी रडत रडत खाते."

अशी भगिनी शाखेकडे तक्रार घेऊन येत नाही. कारण ही तक्रार कोणत्या अर्जात लिहायची, हे तिला कोणी सांगितलेलेच नाही.

हा प्रश्न संघटनेचा का

आता कोणी विचारील, हे डॉक्टरांचे काम आहे, संघटनेने यात का पडावे?

आमचे उत्तर असे. कामाचा ताण मोजला जाऊ शकतो हे तत्त्व आपल्या चळवळीने फार पूर्वी मान्य करून घेतले आहे. १९४६ साली टपाल कामगारांच्या वादात न्यायमूर्ती राजाध्यक्ष हे लवाद होते. पुढे रेल्वे कामगारांच्या कामाच्या तासांचा वादही त्यांच्यापुढेच आला. म्हणजे आपल्या दोन्ही खात्यांचा हा इतिहास एकाच नावाशी जोडलेला आहे. रेल्वेच्या कामाच्या तासांच्या नियमांत 'इंटेन्सिव्ह' काम म्हणजे काय हे वाचा. ज्यात सतत लक्ष एकाग्र ठेवावे लागते किंवा कठीण अंगमेहनत करावी लागते आणि विसावा जवळजवळ मिळत नाही, ते काम. सतत लक्ष ठेवल्याने मेंदू थकतो हे नियमाच्या पुस्तकालाच माहीत आहे! मग तो थकलेला मेंदू घरी जाऊन काय करतो, हे विचारायला आपण का लाजावे?

१९७३ च्या ऑगस्टमध्ये लोको रनिंग कर्मचाऱ्यांच्या संपानंतर दहा तासांच्या ड्यूटीचे आश्वासन मिळाले. १९७४ च्या मे महिन्यातील देशव्यापी संपातही कामाच्या तासांची मागणी होती. त्या संपात नोकऱ्या गमावलेल्या, तुरुंगात गेलेल्या साथींची आठवण आजही आपल्या कॉलन्यांतून निघते. २०१६ च्या रेल्वे बोर्डाच्या आदेशात रनिंग ड्यूटी सर्वसाधारणपणे नऊ तास, वाढवावीच लागली तर कमाल अकरा, असे म्हटले आहे. कागदावर हे सर्व आहे. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये रेल्वे बोर्डाने असेही कळवले, की लोको पायलटांना ड्यूटीत जेवणासाठी आणि नैसर्गिक विधीसाठी ठरावीक सुट्टीचा नियम करणे व्यवहार्य नाही. गाडी स्टेशनात थांबते तेव्हा खाता येते, असे प्रशासनाचे म्हणणे. सिग्नलवर डोळे लावून बसलेला माणूस तो घास कसा गिळतो, हे इथे बसलेल्यांना ठाऊक आहे.

तेव्हा आपल्या मागणीच्या समर्थनार्थ आजवर आपण अपघाताचा धोका सांगत आलो, तो सांगायलाच हवा. त्याला आता एक मुद्दा जोडा. बारा तास उपाशी, चार तास झोपलेल्या, चारचौघांत अपमानित केलेल्या माणसाच्या मेंदूत काय होते याचा पुरावा आता प्रयोगशाळांतून आलेला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यात आपल्या साथींची भर पडत असेल, तर त्यातला किती भाग ड्यूटीच्या तक्त्याने टाकला, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

करायचे काय

आता व्यवहाराचे बोलू. डॉक्टरांशी बोलून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. आधी स्वतः करण्याच्या.

एक, उपाशी राहू नका. साइन ऑन करण्याआधी नीट जेवा. डब्यात एक वेळचे जास्त ठेवा, भाजलेले चणे, शेंगदाणे, केळी, टिकेल असे काही. रात्री जास्त खाल्ले तरी दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर साधे जेवण घ्या. मधुमेहाचे औषध चालू असेल तर खाण्याच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

दोन, ड्यूटीवरून आल्यावर थेट डब्याकडे जाऊ नका. हातपाय धुवा, दिवा लावा, पाणी प्या, दहा मिनिटे बसा. दिवसभरात काय बोचले ते कोणाला तरी सांगा, फोनवर का होईना. मग ताटात वाढून घ्या आणि बसून खा. पिशवीतून, उभ्याने, अंधारात खाऊ नका.

तीन, झोपेला ड्यूटीइतकेच महत्त्व द्या. घरच्यांनीही दिवसा झोपलेल्या माणसाला उठवू नये. ही त्यांची संघटनेला मदतच आहे.

चार, आठवड्यातून एकदा तरी खाण्यावरचा ताबा सुटत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. या आजारावर उपचार आहेत. विचार आणि सवयी बदलण्याची बोलून करायची एक पद्धत आहे, तिचा चांगला उपयोग होतो. गरज पडल्यास औषधे आहेत, पण ती तज्ज्ञांनीच द्यायची. बाजारातल्या वजन उतरवण्याच्या पावडरी आणि गोळ्या घेऊ नका. डॉक्टरकडे जायची लाज वाटत असेल तर सरकारची टेली-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक, चोवीस तास, पैसे लागत नाहीत. अपमान आणि खिन्नता इतकी वाढली की जगणे नको वाटते, तर एक क्षणही न थांबता फोन करा, आणि शेजारच्या साथीला उठवा.

मेडिकल कॅटेगरीची भीती बाळगून आजार लपवणाऱ्यांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. लपवलेली साखर डोळ्यांवर जाते आणि मग खरोखरच कॅटेगरी जाते. वेळेवर सांगितलेली साखर बहुधा आटोक्यात ठेवता येते. आणि नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला केवळ त्या कारणाने काढून टाकता येत नाही, हे संरक्षण १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात होते आणि २०१६ च्या नव्या कायद्यातही आहे. अशा वेळी एकट्याने कागदावर सही करू नका. शाखेत या.

आता सर्वांनी मिळून करण्याच्या गोष्टी. रात्री येणाऱ्या क्रूला गरम जेवण मिळेल अशी रनिंग रूम आणि कँटीन, तासांच्या मर्यादेत रिलीफ, रिकाम्या जागांची भरती, रात्रपाळीनंतर पुरती विश्रांती, काउंटरवर जेवणाच्या सुट्टीसाठी बदली माणूस, चारचौघांत अपमान करण्याच्या पद्धतीला बंदी, आणि वैद्यकीय तपासणीत मनाच्या आरोग्याचीही विचारपूस. या मागण्या आपल्या पुढच्या निवेदनात जाव्यात असा ठराव आम्ही मांडणार आहोत.

शेवटी एक मागणी प्रशासनाकडे नाही, आपल्याकडेच आहे. आजपासून रनिंग रूममध्ये, पोस्टाच्या जेवणाच्या टेबलावर कोणाच्या खाण्यावर, अंगावर हसायचे नाही. हावरट, ढोल्या, खादाड हे शब्द आपल्या तोंडी नकोत. लाज ही या आजाराची खुराक आहे, हे आपण आता ऐकले. ती खुराक आपण तरी पुरवू नये.

ज्या साथींची हकीकत सांगितली त्यांचे काय झाले, हे विचाराल. एका संध्याकाळी त्यांनी आपणहून आम्हाला सर्व सांगितले. आमच्यापैकी दोघे त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे गेले. आता उपचार चालू आहेत, साखर उतरते आहे, आणि अधूनमधून ती रात्र अजून येते. पण आता ते दिवा लावतात आणि कोणाला तरी फोन करतात. रात्री अडीचला फोन वाजला की आमच्यापैकी कोणीतरी उचलतो. संघटना म्हणजे आणखी काय असते?

चला, आता पंगत तयार आहे. सर्व मिळून बसू, सावकाश जेवू.

कामगार एकजुटीचा विजय असो!